चिठ्ठीवर नसलेला माणूस

गड म्हणत असले तरी नारायणगड हा किल्ला नाही. नगद नारायणाचे हे संस्थान, बीड जिल्ह्यात धाकटी पंढरी म्हणून ओळखले जाणारे. भोवती बालाघाटाचे उघडे डोंगर, माळ, बोरी-बाभळी, आणि पाऊस पडला तर पडला. सदाहरित वर्षावन इथून फार लांब, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि पलीकडच्या उतारावर. आंबोली-तिळारीला किंवा थेट केरळातल्या थट्टेकाडला जायचे, पैसे मोजायचे, आणि पहाटे स्थानिक वाटाड्याच्या मागून चालत धनेश नि मलबारी कर्णा बघायचे, ही हौस मराठी मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. तिचा इतिहास बीडच्या माळावर उभे राहून सांगणे विचित्र वाटेल. तरी तो तिथूनच नीट दिसतो, असे माझे म्हणणे आहे. रानातल्या गाईडला पर्यटनाने जन्माला घातलेले नाही. पक्षिशास्त्र जितके जुने तितकाच तो जुना. नवी आहे ती त्याची मजुरी, आणि त्याला नावाने ओळखण्याची रीत. पक्ष्यांची पद्धतशीर नोंद दख्खनच्या कोरड्या पठारावर लवकर झाली, म्हणून हा माणूस कसा वापरला गेला आणि कसा वगळला गेला, याचा पुरावाही इथल्याच कागदांत सापडतो.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. १८२४ पासून १८३१ पर्यंत तो दख्खनमध्ये माणसे, पिके, बाजार आणि सारा यांची मोजदाद करत फिरला; त्याच ओघात त्याने पक्षीही मोजले. १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी आली. या यादीत त्याने ठिकठिकाणी पक्ष्याचे मराठी नाव दिले आहे, आणि इतिहासकाराने तिथेच थांबायला हवे. ही नावे त्याला पुस्तकात मिळाली नव्हती, कारण तसे पुस्तकच नव्हते. ती तंबूभोवतीच्या कोणीतरी सांगितली, आणि जो नाव सांगतो तो पक्षी कुठे बसतो, कधी बोलतो हेही जाणतो. साइक्सने घारीला शास्त्रीय नाव दिले ते गोविंदा. मोठ्या राखी सातभाईला दिले ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे. बीडच्या बांधावर टोळीने कलकलाट करणारा तो सातभाई आजतागायत कागदोपत्री गव्हर्नरसाहेबांच्याच नावावर आहे! देवाचे नाव लागले, गव्हर्नरचे लागले. ज्याने पक्षी दाखवला त्याचे मात्र कुठे लागले नाही.

यात साइक्सचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. कामाची पद्धतच तशी होती. मारलेल्या पक्ष्याच्या पोटावर चीर द्यायची, कातडी पिसांसकट सोलायची, आतून आर्सेनिकचा साबण चोळायचा, कापूस भरून टाके घालायचे आणि पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि संग्राहकाचे नाव. हा पक्षी कोणत्या झुडपात सापडेल हे ज्याने सांगितले त्याच्यासाठी चिठ्ठीवर रकाना नव्हता. शंभर वर्षांनी, १९३१-३२ मध्ये, बीड ज्या निजामी राज्यात होते त्या हैदराबाद राज्याची पक्षी-पाहणी सालिम अलींनी केली, तेव्हाही शास्त्राचा आधार ही चिठ्ठी बांधलेली कातडीच होती. गंमत अशी, की सालिम अलींनी त्याआधी केलेली नोकरीच ‘गाईड लेक्चरर’ची होती. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये भरलेल्या पक्ष्यांपुढे उभे राहून शहरी प्रेक्षकांना माहिती सांगण्याचे ते काम. म्हणजे गाईड या पदाला पगार होता, फक्त काचेच्या कपाटाशेजारी. रानात तेच काम करणारा हिशेबाच्या वहीत हमाल किंवा शिकारी म्हणून पडत असे.

वर्षावनात वेगळे काही घडत नव्हते. आल्फ्रेड रसेल वॉलेस मलाया द्वीपसमूहात हिंडला तेव्हा सारावाकचा अली नावाचा तरुण त्याच्याबरोबर होता. १८५८ मध्ये बाचान बेटावर एक अनोळखी स्वर्गीय पक्षी मारून आणला तो अलीने. पक्ष्याला नाव मिळाले वॉलेसचे. वॉलेसने आपल्या लिखाणात अलीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ऋण आठवणींत राहिले आणि नाव यादीत गेले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. दाखवणे म्हणजे जाणणे नव्हे. वाटाड्या शास्त्रज्ञाचे हातपाय होता, डोके नव्हे. याला जेर्डनच्या धाविकाची गोष्ट हे उत्तर आहे. इंग्रज पक्षितज्ज्ञ जेर्डनने १८४८ मध्ये नोंदवलेला हा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता. आंध्रातल्या लंकामलाईच्या काटेरी झुडपांत १९८६ च्या जानेवारीत तो पुन्हा मिळाला, आणि तो रात्री बॅटरीच्या उजेडात हाताने पकडला ऐतन्ना या स्थानिक माणसाने. हा पक्षी रात्रीचा आहे, ही गोष्ट त्याच्या कामाच्या ज्ञानात होती. पकडलेला पक्षी फार जगला नाही. पण शोध कोणत्या वेळी आणि कशा जागी घ्यायचा हा प्रश्न सुटला, आणि अशा प्रश्नाला उत्तर देणे हे डोक्याचेच काम आहे.

मात्र उलट पुरावाही आहे, तो लपवून चालणार नाही. रानपिंगळा हे छोटे घुबड १९९७ च्या नोव्हेंबरात आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडले ते कोणा पारध्याने दाखवले म्हणून नव्हे. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी संग्रहालयातल्या जुन्या कातड्या तपासल्या, त्यातून शोध कुठे घ्यायचा ते ठरले. मधल्या काळात शोधणारे भरकटले होते ते रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश संग्राहकाच्या खोट्या चिठ्ठीमुळे. एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला नमुना त्याने चोरला आणि गुजरातेत मांडवीला १९१४ मध्ये स्वतः मिळवल्याचे दाखवले. म्हणजे चिठ्ठीने फसवले आणि चिठ्ठीनेच सोडवले. यातून मी एवढेच घेतो की पकडणाऱ्याचे ज्ञान आपल्या पोटापुरते असते. जो पक्षी खाता येतो, विकता येतो किंवा शकुनाला लागतो, त्याचे बारकावे त्याला पाठ. वीतभर घुबडाशी त्याचे काय काम? तेव्हा गाईड सर्वज्ञ होता असा दावा नाही. जे पक्षी माणसाच्या व्यवहारात होते त्यांच्याबाबतीत त्याच्यापुढे कोणी नव्हते, इतकाच दावा आहे.

आणि त्या व्यवहाराचे तंत्र आजच्या सहलीत जसेच्या तसे उतरले आहे. मराठवाडा-विदर्भातले फासेपारधी तितर धरत ते असे: जमिनीत खुंट्यांची ओळ रोवायची, प्रत्येक खुंटीला बारीक दोरीचा फास, मध्ये पिंजऱ्यात पाळलेला नर. पाळीव नराने आवाज दिला की रानातला नर आपली हद्द राखायला तरातरा धावत येतो आणि फासात अडकतो. पिंजऱ्यातला तितर नसेल तर पारधी स्वतःच्या तोंडाने तो आवाज काढतो. वर्षावनात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, म्हणून तिथला गाईडही कानानेच चालतो. तो शीळ घालतो, किंवा मोबाइलवर त्याच जातीच्या नराचा आवाज लावतो. पक्षी हद्द राखायला पुढच्या फांदीवर येतो आणि कॅमेरे वाजतात. फासाच्या जागी भिंग आले, बाकी हुन्नर तोच. हल्लीचे मोबाइल ॲप आवाज ओळखून पक्ष्याचे नाव सांगते खरे. पण तो पक्षी किती वेळा बोलावल्यावर चिडेल आणि केव्हा गप्प बसणे बरे, हे ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्यांनी पक्षी मारून खाल्ले त्यांना पक्षिशास्त्राचे पूर्वज म्हणायचे? माळढोकाच्या मांसावर पारध्यांची नजर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बंदुका आणि जीपगाड्या घेऊन माळावर उतरलेले पारधी नव्हते. गवताचे माळ नांगराखाली गेले त्यातही त्यांचा हात नव्हता. १९७९ मध्ये सोलापूर-नगरमध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर उभे राहिले, तरी तिथे हा पक्षी टिकला नाही. शिवाय बंदूक ही शास्त्राचीही पहिली दुर्बीण होती. सालिम अलींची वाट एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. कापूस भरण्यासाठी मारणे चालते आणि चुलीसाठी मारणे चालत नाही, हा भेद करायचा तर उघडपणे करावा.

केरळने तो फार ताणला नाही. पेरियारमध्ये १९९० च्या दशकात रानदालचिनीची साल चोरणाऱ्यांचीच समिती करून वन खात्याने त्यांना पर्यटकांचे वाटाडे केले. अरुणाचलात ईगलनेस्टला नवा पक्षी सापडला; त्याची नोंद करणारे रमणा अत्रेय पुण्यात खगोलशास्त्राचे काम करणारे. त्यांनी २००६ मध्ये पक्षी न मारता, पिसे आणि छायाचित्रांवर त्याचे वर्णन केले आणि नाव ठेवले ते तिथल्या बुगुन जमातीचे. गव्हर्नर माल्कमपासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षे लागली.

मग गाईडचा हा धंदा बीडच्या पाटोद्याला किंवा शिरूरला का उभा राहिला नाही? एक कारण बाजाराचे. बीड जिल्ह्यात नायगावला मोरांसाठी १९९४ पासून सुमारे ३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, पण मोर बघायला विमानाने कोणी येत नाही. पाहुणा पैसे मोजतो ते दुसरीकडे न मिळणाऱ्या पक्ष्यासाठी, आणि तसे पक्षी वर्षावनात दाटीने असतात. दुसरे कारण माणसांचे. बुगुन आपल्या जंगलाचे मालक म्हणून पाहुण्यापुढे उभे राहिले. इथल्या पारध्याला गावाची वेस ओलांडतानाही जाब द्यावा लागे. १८७१ च्या कायद्यापासून सुरू झालेला गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, लोकांच्या आणि ठाण्याच्या मनातून नाही. अशा माणसाच्या मागे पहाटेच्या अंधारात चालायला शहरी कुटुंब तयार होईल का, हा प्रश्न पक्ष्यांच्या यादीइतकाच खरा आहे. अकोला-वाशिमकडे ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोराच्या संरक्षणाचे काम केले, त्यावरून हे अशक्य नाही इतके तरी दिसते.

बीडमध्ये तसे करायचे तर अडचण वेळेची आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार पुरती बंद केली, आणि ते योग्यच झाले. पण जो बापाबरोबर माळावर तितराला आवाज द्यायला शिकला तो पारधी आता म्हातारा आहे. त्याच्या नातवाला तो आवाज येत नसेल, तर त्याने कायदा पाळला म्हणूनच येत नाही. उद्या त्याला गाईडचे प्रशिक्षण द्यायला जो अधिकारी येईल तो पक्ष्यांचे आवाज मोबाइलवरून ऐकवील.