नादारीचा दावा आणि हक्काचा वकील

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने गरिबासाठी न्यायमंदिराचे एक दार ठेवले होते खरे. परंतु ते फार बुटके होते. कोर्ट-फी भरण्याची ऐपत ज्यापाशी नाही, त्याने आपण ‘नादार’ असल्याचे सिद्ध करावे, म्हणजे फी न भरता त्याचा दावा दाखल होई. ज्या दाव्याला फी ठरलेली नसे, तेथे अंगावरचे आवश्यक कपडे आणि दाव्याचा विषय वगळून शंभर रुपयांची मत्ताही नसणे, ही कसोटी होती. या चौकशीची नोटीस सरकारी वकिलाप्रमाणे प्रतिपक्षालाही जाई. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची, त्याच्याच देखत आपल्या दारिद्र्याची झडती द्यावयाची! इतके करून सुटे ती केवळ फी, आणि तीही दावा जिंकल्यास वसूल होई. वकील देण्याची सोय संहितेच्या मूळ नियमांत नव्हतीच.

१९४९ मध्ये इंग्लंडने सरकारी खर्चाने वकील व सल्ला देणारा कायदा केला. त्याच वर्षी मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. त्या वेळच्या मुंबई प्रांतात बेळगाव होते, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून बडोदेही. समितीच्या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. पुढे गुजरात सरकारने हेच काम तेथील मुख्य न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्याकडे सोपविले. त्यांचा अहवाल १९७१ चा. पित्याचे अपुरे काम असे पुत्राच्या हाती आले.

१९७६ मध्ये ‘नादार’ हा शब्द संहितेतून गेला, ‘निर्धन’ आला, आणि त्याला वकील देण्याचा नियमही झाला. त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधिसाहाय्य राज्यधोरणाच्या निदेशक तत्त्वांत घातले. परंतु निदेशक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ही उणीव भरून निघाली ती महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या १९७८ च्या एका प्रकरणात. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, म्हणून अपिलास कित्येक वर्षे उशीर झाला, अशी त्या कैद्याची तक्रार होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचे म्हणणे फेटाळले. पण फेटाळतानाच ठरवून दिले की, निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य व लेखी पोच घेऊन द्यावी, आणि गरज असल्यास सरकारी खर्चाने वकीलही. तो कैदी हरला. त्याच्यामागून येणाऱ्या कैद्यांना मात्र हक्क मिळाला.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जातिजमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपद्‌ग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यात उत्पन्नाची अट नाही, इतरांना आहे. प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असले पाहिजे. उत्पन्नाविषयी मात्र प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरते. या कायद्यातील ‘विधी सेवा’ म्हणजे केवळ खटला चालविणे नव्हे, तर कोणत्याही कायदेविषयक बाबीत सल्ला देणेही होय. घर सोडण्याची नोटीस हाती पडलेल्या बाईला त्यासाठी दावा उभा राहण्याची वाट पाहावी लागत नाही. ती नोटीस घेऊन तिने तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे, एवढे पुरे.