मृतदेहात न दिसलेलं काम

पाहिलं म्हणजे कळलं असं आपण धरून चालतो. आज ही समजूत एका स्नायूच्या इतिहासावर तपासून पाहू.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पडदा असतो. डॉक्टर त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. आपण श्रोणितल म्हणू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून तोलून धरतो.

१५४३ साली वेसालियसचा ग्रंथ आला आणि मृतदेह उघडून शरीर समजून घेण्याची रीत युरोपात पक्की झाली. तिचे उपकार मोठेच. पण मेलेल्या स्नायूत ताण उरत नाही. म्हणून पुस्तकांतल्या चित्रांत हा तळ नरसाळ्यासारखा खाली उतरलेला दिसे, आणि विद्यार्थी तेच खरं मानत.

जिवंत शरीर वेगळं सांगतं. १९५३ साली फ्लॉइड आणि वॉल्स यांनी गुदद्वाराभोवतीच्या स्नायूचे विद्युत्संकेत नोंदले. ते झोपेतही पूर्ण थांबत नव्हते. पुढे एमआरआय आला आणि दिसलं, की निरोगी स्त्रीत हा तळ घुमटासारखा वर उचललेला असतो. खोकल्याच्या किंचित आधीच तो आवळतो आणि मूत्रमार्ग मिटून धरतो. लघवीच्या वेळी सैल होतो. म्हणजे हा आधार भिंतीसारखा नुसता उभा नाही. तो सतत चाललेलं काम आहे.

याच्याही आधी, १९४८ साली, अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी दाब मोजणारं एक साधन वापरलं. स्त्रीने स्नायू आवळला की काटा हलायचा, आणि तो तिला स्वतःला दिसायचा! आपल्या शरीराचं ज्ञान तिथे प्रथम तिच्या हाती आलं, असं मला वाटतं.

माझी आई शिंक आली की पाय जुळवून भिंतीला टेकायची. आम्हा मुलांना ती तिची लकब वाटे. चार बाळंतपणं झालेल्या त्या बाईला कुणी काही सांगितलं नाही, आणि तिनेही कुणाला विचारलं नाही. निरोगी स्नायू कसा चालतो हेच ठाऊक नसेल, तर बिघाड हा बाईच्या जन्माचा भाग वाटू लागतो. तो तसा नाही. एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न घेऊ. आणि संकोच नको.