अक्षरओळख आणि लेखनाचा अधिकार

एकोणिसाव्या शतकातील शिक्षणप्रसाराचा इतिहास बहुधा शाळांच्या सनावळीतून सांगितला जातो. १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढील काही वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. या शाळांतून शिकणाऱ्यांना लेखनाचा अधिकार कितपत मिळाला, हा प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत येतो.

१८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती फुले यांच्या शाळेत शिकत होती. वेद जर ब्राह्मणांचेच, तर ज्यांना ते पाहण्याचीही मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, असा तिचा युक्तिवाद आहे. अस्पृश्य स्त्रियांच्या बाळंतपणातील हालही ती नोंदवते. ‘निबंधमाला’ सुरू होण्यास तेव्हा एकोणीस वर्षांचा अवकाश होता. मराठी निबंधाच्या घडणीची चर्चा या लेखाला वगळून करणे म्हणूनच अपुरे ठरते.

१८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात फुले यांनी बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बालबोध या दोन्ही लिपी सुचवल्या. छापील पुस्तके बालबोधीत असत. व्यवहारातील कागद मोडीत लिहिले जात. केवळ बालबोध शिकलेला कुणबी सावकाराच्या खतापुढे निरक्षरच राहिला असता. लिपीच्या निवडीमागे सत्तासंबंधांची अशी जाण दिसते.

तथापि लिहू लागलेल्यांच्या भाषेला प्रतिष्ठित वाङ्मयव्यवहाराने सहज मान्यता दिली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी फुले यांच्या लेखनातील व्याकरणदोषांवर उपहासाने बोट ठेवले. शाळेचे दार उघडले, तरी प्रमाणभाषेचा उंबरा कायम होता. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुले यांनी पत्राने नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नांना ज्या लेखनात स्थान नाही, त्याच्या सभेत सामील होण्यास त्यांनी नकार दिला.

वंचितांपर्यंत भाषाशिक्षण नेण्याच्या कार्याचे मूल्यमापन पटसंख्येवर थांबू शकत नाही. शिकलेल्या व्यक्तीला पुढे लिहिते राहता आले काय, हेही तपासावे लागते. मुक्ता साळवे हिचा त्या निबंधाव्यतिरिक्त एकही लेख आज उपलब्ध नाही.