आउटबोर्ड मोटर : इंजिन काढलेल्या होडीवरील बसवणी

होडीच्या पोटातले डिझेल इंजिन, शाफ्ट व पंखा काढून त्यांच्या जागी मागच्या फळीवर अडकवायचे सुटे यंत्र बसवण्याचे काम. या यंत्रात इंजिन वर, उभा दांडा मध्ये आणि गिअर व पंखा खाली पाण्यात, असे सर्व एकाच सांगाड्यात असते. खलाशी व बचाव पथके त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. पूरबचावाच्या रबरी होड्या मुळातच या यंत्रासाठी बांधलेल्या असतात. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

इतिहास : व्यापारी यश मिळवणारी पहिली आउटबोर्ड मोटर ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये अमेरिकेत मिलवॉकी येथे बनवली. यामाहाची पहिली मोटर 1960 ची. भारतात 1952 च्या करारानुसार केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने होडीच्या पोटातील इंजिनाचा प्रसार केला. केरळच्या पारंपरिक होड्यांवर ओबीएम सर्रास दिसू लागली ती 1980 नंतर. महाराष्ट्रात डोलजाळ्याच्या व ट्रॉलरच्या मोठ्या नौका डिझेलवरच राहिल्या.

हिंगोली जिल्हा : 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला समुद्र नाही, पण मोठे पाणी आहे. पूर्णेवर औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर, त्याच्या वरच्या अंगाला परभणी जिल्ह्यातील येलदरी (जलाशय सेनगाव तालुक्याला लागून) आणि कळमनुरी-पुसद सीमेवर पैनगंगेवरील इसापूर. मराठवाड्याच्या जलाशयांतील रोहू-कटल्याची मासेमारी वल्ह्याच्या होडीवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर चालते. तिला मोटर परवडत नाही आणि तिची गरजही नाही. प्रश्न येतो तो प्रवासी, गस्तीच्या व बचावाच्या होड्यांचा. उन्हाळ्यात धरण उतरले की बुडालेली बाभळीची खोडे, शेतांचे बांध व विहिरींचे कठडे पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. होडीच्या बुडाखालचा पक्का पंखा तिथे आपटतो आणि शाफ्ट वाकतो. ओबीएम उचलून धरता येते. कोकणात हाच फायदा ओहोटीच्या खाडीत मिळतो.

मागची फळी : बहुतेक रूपांतरे इथेच फसतात. जुनी फळी सुकाणूचा भार पेलण्यापुरती केलेली असते. मोटरचा सगळा रेटा व वजन तिच्या वरच्या कडेवर येते. आतून 40 ते 50 मिमी जाडीचे मरीन प्लाय चिकटवून, कोपऱ्यांत गुडघे (कोनाचे आधार) देऊन ते वाकांना (होडीच्या फासळ्यांना) बांधावे लागतात. मोटरच्या शिकंजाचे स्क्रू पुरेसे नाहीत. आरपार बोल्ट, आतून धातूची पट्टी आणि शिवाय एक साखळी हवी. टोकदार मागच्या अंगाच्या होडीला फळीच नसते. तिला बाजूला ब्रॅकेट तरी लावतात किंवा मागे चौकोनी विहीर तरी काढतात.

मोटरचा दांडा सहसा तीन मापांत येतो : 15, 20 व 25 इंच (सुमारे 38, 51 व 64 सेंमी). पंख्यावरची आडवी पाटी होडीच्या बुडाशी जवळपास समपातळीत यावी. ती फार वर आली तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाण्याचा विरोध वाढतो. जुन्या इंजिनाच्या होडीची फळी सहसा उंच असते. मग मेकॅनिक 20 इंची दांडा बसावा म्हणून फळीला खाच पाडतात. खाच म्हणजे होडीची सर्वांत बुटकी कड. मोटर एकदम बंद केली की मागून आलेली स्वतःचीच लाट त्यातून आत येते. खाचेच्या पुढे बंदिस्त हौद करून त्याला बाहेर जाणारी भोके दिल्याशिवाय खाच पाडू नये, हे प्रस्तुत नोंदकर्त्याचे ठाम मत आहे. लांब दांड्याची मोटर थोडी महाग पडते, पण बरी.

शाफ्टचे भोक : बुशिंग काढून सुक्या लाकडाचा डाट इपॉक्सीत ठोकतात व दोन्ही बाजूंनी काचतंतूचे थर देतात, पत्र्याच्या होडीत वेल्डिंग. नुसते सिमेंट किंवा डांबर भरू नये. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचे तोंडही बंद करावे. ते हमखास विसरले जाते. इंजिनाखालचे ओंडके मात्र काढू नयेत, होडीचा कणा त्यांनीच ताठ राहतो.

तोल : दोन-तीनशे किलोचे डिझेल इंजिन मध्यभागातून निघते आणि 40 अश्वशक्तीची, 80 ते 100 किलोची मोटर अगदी टोकाला लागते. होडी मागे बसते, नाळ वर उठते. बॅटरी पुढे नेणे, रेतीची पोती ठेवणे हे उपाय. पठाणाच्या (बुडाच्या कण्याच्या) रुंद लाकडामागे पाणी घुसळलेले असते, म्हणून काही जण मोटर मध्यरेषेपासून थोडी बाजूला लावतात. सुकाणू ठेवावे की काढावे, याबाबत एकमत नाही.

शक्ती : जड होडीचा वेग तिच्या पाण्यावरील लांबीने बांधलेला असतो. 25 फूट लांबीला तो साधारण 6.7 नॉट, म्हणजे ताशी 12 किमीच्या आसपास. त्यापुढे अश्वशक्ती वाढवणे म्हणजे पेट्रोल जाळणे. अशा होडीला कमी पिचचा, मोठ्या व्यासाचा पंखा योग्य.

आग : डिझेलच्या होडीत पेट्रोल आणताना बुडाशी साठणाऱ्या वाफेचा विचार करावा, ती हवेपेक्षा जड असते आणि बॅटरीच्या स्विचची एक ठिणगी पुरते. टाकी मागे, उघड्या जागी.

निगा : जलाशयात नायलॉनचे जाळे पंख्याच्या मुळाशी गुंडाळले जाते आणि सील कापते. गिअरचे तेल काढल्यावर दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर गोड्या पाण्यावर चालवून धुतात.

खर्च : सहकारी संस्थांमार्फत मच्छीमारांना मिळणारा करपरतावा डिझेलवर आहे, पेट्रोलवर गेलेली होडी त्याला मुकते.

कायदा : देशांतर्गत जलाशयांतील यांत्रिक नौकांना 1917 च्या कायद्याऐवजी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 लागू आहे. त्यानुसार अशा नौकेची पाहणी व नोंदणी आवश्यक असते. इंजिन बदललेली होडी जुन्या कागदांवर प्रवाशांसाठी चालवू नये.