शाफ्टचं बूच आणि कालव्याची माती

कॅनडात मॅनिटोबाच्या ग्रॅनाइटमध्ये खोल खोदलेली एक प्रयोगशाळा होती. अणुकचरा तिथे कधीच ठेवला नाही. पुरायचा कसा आणि वरची वाट बुजवायची कशी, एवढंच तपासलं. ती बंद करताना सुमारे २७५ मीटर खोलीवर, जिथे पाणी वाहणारी भेग शाफ्टला, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विवराला छेदते, नेमकं तिथे बूच बसवलं. खाली तीन मीटर काँक्रीट, वर तीन मीटर काँक्रीट आणि मध्ये बेंटोनाइट ही चिकणमाती आणि वाळू यांचं जागेवरच चोपून बसवलेलं सहा मीटर मिश्रण.

ही युक्ती तेलविहिरींकडून आली, असं म्हणणं सोपं आहे. बेंटोनाइट तेलवाल्यांच्या रोजच्या वापरातलं. पण त्यांचं बेंटोनाइट रबडीसारखं पातळ असतं. ड्रिलिंग चालू असताना भोक ढासळू न देणं आणि चुरा वर आणणं, हे त्याचं मुख्य काम. भोक कायमचं बुजवायचं तर तेलवाले बहुधा सिमेंटच ओततात. म्हणजे काम अगदी उलटं!

माझा संशय कालवेवाल्यांवर आहे. १७६१ मध्ये इंग्लंडमधल्या जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ब्रिजवॉटर कालवा अर्वेल नदीवरून पलीकडे नेला. पाणी झिरपू नये म्हणून चिकणमाती पाण्यात कालवायची, तुडवायची आणि थरावर थर द्यायचे, ही त्याची रीत. संसदेच्या समितीपुढे त्याने म्हणे मातीचा हौद करून त्यात पाणी ओतूनच दाखवलं. पुढे हीच माती धरणांच्या पोटात गेली. आपल्याकडेही मातीच्या धरणात हार्टिंगला, म्हणजे गाभ्याला काळी माती; केसिंगला, म्हणजे बाहेरच्या भरावाला मुरूम. १९८०च्या दशकात स्वीडनमधल्या स्ट्रिपा या बंद लोखंडखाणीत बेंटोनाइटच्या चाचण्या झाल्या, त्यांतलं मोठं नाव रोलांड पुश यांचं. हा माणूस मृदा-यांत्रिकीचा, म्हणजे धरणवाल्यांच्या घराण्यातला. मला एवढा पुरावा पुरतो.

कोणी म्हणेल, ब्रिंडलीची माती तुडवल्यामुळे पाणी अडवायची; बेंटोनाइट फुगून अडवतं. कबूल. कोंडलेलं बेंटोनाइट पाणी पिऊन खडकावर दाब देतं आणि फटी मिटवतं. पण त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे फुगरं खनिज विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीतही आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते आणि पावसात जमीन पुन्हा मिटते, ती त्याच्यामुळेच. आमच्या धरणवाल्यांनी हीच फुगरी माती हार्टिंगला वापरली. आता स्वीडनच्या अणुकचरा कंपनीने बोगद्यांच्या भरावासाठी कच्छचं बेंटोनाइटही तपासलं आहे. काळ्या मातीसारखंच तेही दख्खनच्या बसाल्टपासून झालेलं.