स्वयंपाकघरातील बालसुरक्षा
स्वयंपाकघरातील बालसुरक्षा म्हणजे साधारणतः ५ वर्षांखालील मुलांना घरच्या स्वयंपाकघरात होणाऱ्या इजा टाळण्यासाठी केलेली व्यवस्था होय. या वयात भाजण्याचे प्रमुख कारण ज्वाला नसून चहा, दूध, वरण असे गरम पदार्थ अंगावर सांडणे हे असते. मुलांची त्वचा पातळ असल्याने ६० अंश सेल्सियसचे पाणीही काही सेकंदांत खोल जखम करते. त्यामुळे गरम भांडी ओट्याच्या कडेपासून दूर ठेवतात, त्यांचे दांडे भिंतीकडे वळवतात आणि विजेच्या किटलीची वायर लोंबू देत नाहीत. चूल जमिनीवर असलेल्या घरांत मात्र हे उपाय अपुरे पडतात. तेथे ती उंचावर बांधणे किंवा तिच्याभोवती पक्का आडोसा करणे आवश्यक ठरते.

रॉकेल किंवा फिनेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय विशेष घातक आहे, कारण मूल ते सरबत समजून पिते. रॉकेल प्यायलेल्या मुलास उलटी करवू नये. ते फुफ्फुसांत शिरून न्यूमोनियासारखा गंभीर दाह होतो. अशा मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई वा टूथपेस्ट लावण्याची प्रथा अपायकारक आहे.