लक्झेंबर्गमध्ये मास्टर्स: फी कमी, खोली महाग

फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियमच्या मधोमध वसलेल्या या चिमुकल्या देशाचं सरकारी विद्यापीठ २००३ साली सुरू झालं. बऱ्याच मास्टर्स कोर्सची फी सेमिस्टरला काही शे युरोच असते. व्याजाचं कर्ज टाळू पाहणाऱ्या आपल्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण खरा खर्च खोलीच्या भाड्याचा. प्रवेश मिळताच विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. बस, ट्राम, रेल्वे मात्र २०२० पासून सगळ्यांना मोफत आहेत.

कागदपत्रांचा क्रम चुकवू नका. भारतात असतानाच आधी तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी, मग डी व्हिसा आणि पोहोचल्यावर निवास परवाना. खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावाही लागतो. शिकताना आठवड्याला सरासरी १५ तास काम करता येतं, पण त्यावर सगळा खर्च भागेल असं धरू नका.

काही कोर्स पूर्ण इंग्रजीत असतात, काहींना फ्रेंच किंवा जर्मनही लागते. हे आधी तपासा. तिथल्या मुस्लिमांच्या 'शूरा' संस्थेचा २०१५ साली सरकारशी करार झाला आहे.

पालकांना आम्ही एवढंच सांगू: फीचा आकडा पाहून हो म्हणू नका, पूर्ण वर्षाचं भाडं आणि जेवण मांडून मगच ठरवा.